आधी फिल्टर, मग किट!
(टी. ई. मेकॅनिकल, लेडीज होस्टेल)

'चेन सॉ' म्हटलं की आपल्या होस्टेलमधल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तो जुना इंग्रजी भयपट येतो. मास्क घातलेला माणूस, हातात घुर्र घुर्र करणारी करवत, आणि किंचाळणारी हिरॉईन! पण मित्रांनो, कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात रस्त्यावर झाड आडवं पडलं की जी वस्तू आल्याशिवाय एस.टी. पुढे सरकत नाही, ती हीच. तिथे तिला कुणी चेन सॉ म्हणत नाही. 'कटर' म्हणतात, आणि चालवणारा तो कटरवाला. भयपटाशी त्याचा संबंध एवढाच, की कटर मध्येच बंद पडला तर भीती वाटण्यासारखी परिस्थिती खरंच येते.

या लेखाचा विषय कटरचा एअर फिल्टर आणि सिलिंडर किट हा आहे. 'मॅगझिनच्या मराठी विभागात हे काय?' असं संपादक मंडळातल्या एका मैत्रिणीने तोंडावर विचारलंच. तिला म्हटलं, कविता आल्यात ना बत्तीस, मग एक पिस्टन आला तर काय बिघडलं? शिवाय मी कॉन्व्हेंटवाली. सिलिंडरला शुद्ध मराठीत 'नळकांडे' म्हणतात हे मला याच कॉलेजात येऊन कळलं आणि ते ऐकून दोन दिवस हसू आवरत नव्हतं. त्यामुळे शब्द मी गॅरेजमधलेच वापरणार आहे.

तर माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याला, म्हणजे इंजिनिअर होऊ घातलेल्या मंडळींना, अपग्रेड करायला फार आवडतं आणि साफ करायला अजिबात आवडत नाही. मोठा बोअर, जास्त सीसी, फ्री-फ्लो सायलेन्सर, हे शब्द मेसमध्ये तोंडी लावायला लोणच्यासारखे. 'फिल्टर धुतलास का?' असं मात्र कुणी कुणाला विचारत नाही. आणि कटरसारख्या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत ही सवय चक्क कुणाच्या तरी पोटावर पाय देते.

माझ्या मामाची रायगड जिल्ह्यात किनाऱ्यालगत नारळ-सुपारीची वाडी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ तिथूनच आत शिरलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यात पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या होत्या. पहिले दिवस रस्ते मोकळे करायला एनडीआरएफची पथकं होती, पण वाड्यांमधली पडझड काढायला शेवटी स्थानिक कटरवालेच. आणि ते काम आठ-पंधरा दिवसांचं नव्हतं. पडलेले माड, आंबे, फणस कापणं पुढे कित्येक महिने चालू राहिलं. पावसात ओला भुसा, दिवाळीनंतर कोरडा.

मामाकडे येणाऱ्या कटरवाल्या दादाने त्या एका हंगामात दोन सिलिंडर किट घातली. म्हणजे मूळचा ब्लॉक-पिस्टन गेला, नवीन घातला, तोही गेला, परत नवीन. प्रत्येक वेळी काही हजार रुपये आणि शिवाय मशीन दुरुस्तीला गेल्यामुळे बुडालेली मजुरी. तालुक्यातला मेकॅनिक म्हणाला, 'किट डुप्लिकेट निघालं.' दुसऱ्या वेळीही तेच म्हणाला. दादाला ते पटलं, कारण डुप्लिकेट निघतातच. मेलेले दोन्ही पिस्टन त्याने खिळ्यांच्या डब्यात टाकून ठेवले होते. गेल्या दिवाळीत मी ते मागितले तर म्हणाला, 'ताई, भंगार आहे ते, काय करणार त्याचं?' सध्या ते माझ्या टेबलावर असतात. रूममेटला वाटतं पेपरवेट आहेत.

त्या दोन पिस्टनांकडे मी नंतर येते. आधी थोडं गणित, कारण त्याशिवाय आपल्या सरांना लेख वाचल्यासारखं वाटणार नाही.

७० सीसीच्या आसपासचा एक व्यावसायिक कटर घेऊ. हस्कवर्नाचा ३७२ एक्सपी हा जगभर लाकूडतोड्यांच्या हातात असलेला कटर. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ३६, म्हणजे ७०.७ सीसी. लाकडात चालताना १०,००० आरपीएम धरले (मोकळा सोडला तर आणखी वर, तेरा हजारांच्या पुढे जातो). टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला एक चार्ज. सगळं सिलिंडर भरलं असं मानलं तर मिनिटाला ७०७ लिटर हवा. प्रत्यक्षात तेवढं भरत नाही, म्हणून सढळ हाताने निम्मं करू. तरी मिनिटाला साडेतीनशे लिटर उरतात, तासाला एकवीस हजार. आपण शांत बसलेलो असताना मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. म्हणजे भुशाच्या ढगात उभा असलेला कटरवाला तोंडाला फडकं बांधतो, आणि त्याच ढगात त्याच्या हातातलं यंत्र त्याच्या कितीतरी पट श्वास घेत असतं. यंत्राचं फडकं म्हणजे तो तळहाताएवढा फिल्टर.

आता हे फडकं फाटलं तर काय होतं? फोर-स्ट्रोक गाडीत हवा थेट व्हॉल्व्हमधून सिलिंडरच्या डोक्यावर जाते, ऑईल खाली चेंबरमध्ये वेगळं. टू-स्ट्रोकमध्ये हवा, पेट्रोल आणि त्यात मिसळलेलं ऑईल हे सगळं आधी पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये शिरतं. म्हणजे धूळ आत आली की पहिला मार पिस्टनच्या इनटेककडच्या स्कर्टला. तिथून क्रँकच्या बेअरिंगला, मग ट्रान्स्फर पोर्टमधून वर रिंगांना. ऑईलच्या थराला चिकटलेली बारीक रेती म्हणजे पॉलिश पेपरच झाला की! वर्कशॉपमध्ये फर्स्ट इयरला आपण एमएसच्या तुकड्यावर जे करत होतो तेच इथे मिनिटाला दहा हजार वेळा.

त्यात कोकणातली खास भर म्हणजे माड. आंब्या-फणसाचा भुसा निदान मऊ असतो. माड-पोफळीच्या खोडात मात्र निसर्गतःच सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. त्यामुळे माड कापताना साखळीचे दात लवकर बोथट होतात हे प्रत्येक कटरवाल्याला माहीत असतं. पण जो कण पोलादाचे दात खातो तो अॅल्युमिनियमच्या पिस्टनला काय सोडणार आहे? वर किनाऱ्याची रेती आणि जांभ्याची लाल धूळ. थोडक्यात, स्वीडनच्या बर्फात तयार झालेलं यंत्र आपण श्रीवर्धनच्या वाळूत चालवतो आणि फिल्टर मात्र जो मिळेल तो लावतो.

हे झालं फाटलेल्या फिल्टरचं. तुंबलेला फिल्टर त्याहून लबाड, कारण त्याचा दोष कळतच नाही.

कार्बोरेटर पेट्रोल ओढतो ते हवेचा दाब कमी झाल्यामुळे, हे आपण बर्नोलीच्या नावाने घोकलेलं आहे. फिल्टर तुंबला की त्याच्यामागे दाब आणखी कमी होतो, आणि साध्या डायफ्रॅम कार्बोरेटरमध्ये डायफ्रॅमची दुसरी बाजू बाहेरच्या हवेला उघडी असते. परिणाम: हवा कमी, पेट्रोल जास्त. मिक्श्चर रिच. कटर धूर सोडतो, जड चालतो, आरपीएम चढत नाही. अशा वेळी झाडावर उभा असलेला माणूस काय करतो? खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढतो आणि 'एच'चा स्क्रू थोडा आत फिरवतो. पेट्रोल कमी झालं, कटर परत पळायला लागला. आठवड्याने परत थोडा. सगळे खूश.

मग एक दिवस कुणीतरी नवा फिल्टर आणून लावतो. आता हवा पूर्ण, आणि पेट्रोल मात्र जुन्या, तुंबलेल्या फिल्टरच्या हिशेबाने कमी केलेलं. मिक्श्चर एकदम लीन. कटर शिट्टीसारखा सुसाट पळतो. चालवणाऱ्याला वाटतं, वा, काय फिल्टर आहे! टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलमधूनच येतं हे इथे लक्षात घ्या. लिटरला २० मिली ऑईल, म्हणजे ५० ला १ या प्रमाणात मिसळलं असेल, तर पेट्रोल कमी झालं की ऑईलही त्याच हिशेबाने कमी. उष्णता जास्त, वंगण कमी. दुपारपर्यंत पिस्टन चिकटतो.

दादाचा पहिला पिस्टन असाच गेला. त्याने सांगितलेला क्रम अगदी हाच होता. पावसात कटर जड चालायला लागला, त्याने 'थोडा टाईट केला', गणपतीनंतर फिल्टर बदलला, 'दोन दिवस काय पळाला, ताई!' आणि मग बंद. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे, खोल ओरखडे आहेत आणि इनटेकची बाजू जवळजवळ कोरी. लीन झाल्यावर सगळ्यात तापणारी बाजू एक्झॉस्टची, त्यामुळे चिकटण्याची सुरुवात तिथून होते. दुसरा पिस्टन बरोबर उलटा. एक्झॉस्टची बाजू ठीक. इनटेकचा स्कर्ट करडा, निस्तेज, घासून पातळ झालेला, आणि रिंगा एवढ्या झिजलेल्या की टोकांमधली फट नखाने कळते. ही धुळीची सही. झालं होतं असं की नव्या किटनंतर फिल्टर 'नीट साफ' ठेवायचा म्हणून दादा रोज संध्याकाळी पंक्चरवाल्याकडे जाऊन कॉम्प्रेसरची नळी अगदी टेकवून हवा मारून आणायचा. त्या दाबाने जाळी सीटजवळ उसवली. दिसायला फिल्टर लख्ख, आणि धूळ बाजूने आत.

म्हणजे दोन किट, दोन वेगवेगळी कारणं, आणि दोन्हींचा उगम त्या एका प्लॅस्टिकच्या जाळीत. किट डुप्लिकेट होतं की नव्हतं, हा प्रश्न दोन्ही वेळा गैरलागू होता. अस्सल कंपनीचं घातलं असतं तरी मेलंच असतं, थोडं जास्त पैसे खाऊन.

माझा राग मेकॅनिकवर नाही, खरं सांगते. त्याला कुणी शिकवलेलं नाही आणि गिऱ्हाईक समोर घाई करत उभं असतं. माझा राग या समजुतीवर आहे की खराब झालेला भाग बदलला म्हणजे दुरुस्ती झाली. चिकटलेला पिस्टन हा रोग नाही, लक्षण आहे. ताप आल्यावर थर्मामीटर बदलत नाही ना आपण? मग फिल्टर, इनटेकचं रबर, क्रँकचे ऑईल सील, पेट्रोलचा पाईप, ऑईलचं प्रमाण हे काहीही न तपासता नवीन सिलिंडर कसा काय बसवतो? रबराला चीर असेल किंवा सील गेलं असेल तर तिथूनही फुकटची हवा आत येते आणि पुन्हा तेच लीनचं रामायण. सायलेन्सर काढायला दोन-तीन बोल्ट लागतात. एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारून पिस्टन बघायला पाच मिनिटं. कार्बोरेटरच्या घशात पांढरं फडकं फिरवून ते मळतंय का हे बघायला एक मिनिट. एवढं केलं तरी निम्मं निदान होतं.

इथे आपल्या होस्टेलच्या आरएक्सप्रेमींना थोडं डिवचते. यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ बनली, म्हणजे आपल्यापैकी कुणाचाही जन्म होण्याआधी बंद झाली, तरी तिच्यावर बोलणारे प्रत्येक मजल्यावर दोन. त्यांचं नेहमीचं वाक्य: 'पिस्टन गेला? रिबोअर मार, ओव्हरसाईज टाक!' आरएक्समध्ये, चेतकमध्ये सिलिंडर आतून बीडाचा असतो. तो पाव मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर कातून मोठा पिस्टन घालता येतो. चांगल्या कटरमध्ये लायनरच नसतो. वजन वाचवायला सिलिंडर पूर्ण अॅल्युमिनियमचा, आणि आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा किंवा क्रोमचा केसाएवढा पातळ, अत्यंत कठीण थर. निकासिल नावाने हा थर जर्मनीतल्या माहले कंपनीने १९६० च्या दशकात वापरात आणला. तो थर कातला की उरतं फक्त मऊ अॅल्युमिनियम. म्हणून कटरला रिबोअर नाही. आपल्याकडच्या कित्येक जुन्या, हाताचा गुण असलेल्या मिस्त्रींचं टू-स्ट्रोकचं सगळं ज्ञान लूना-चेतकवर घडलेलं आहे, आणि ते ज्ञान इथे नेमकं दगा देतं.

पण याच थरामुळे एक चांगली गोष्टही होते जी फार कमी लोक सांगतात. पिस्टन चिकटतो तेव्हा बऱ्याचदा सिलिंडर खराब झालेलाच नसतो! पिस्टनचं मऊ अॅल्युमिनियम वितळून त्या कठीण थरावर लेपासारखं बसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं सिलिंडरलाच ओरखडे पडले. तो लेप बारीक एमरी पेपरने सावकाश काढता येतो. अॅसिडनेही निघतो, कारण अॅसिड अॅल्युमिनियम खातं आणि निकेलच्या थराला फारसं काही करत नाही. पण पोर्टच्या कडांना उघडं अॅल्युमिनियम असतं आणि वाफा भयंकर, त्यामुळे हे होस्टेलच्या बाथरूममध्ये करायचं काम नव्हे, बरं का! लेप गेल्यावर नख फिरवून बघायचं. नख कुठे अडकलं नाही, थर सोलला गेलेला नसला, तर फक्त पिस्टन आणि रिंगा बदलून काम भागतं. दादाच्या पहिल्या वेळी बहुधा एवढंच पुरलं असतं. पण तो सिलिंडर केव्हाच भंगारात गेला, त्यामुळे आता छातीठोकपणे सांगता येत नाही.

किट बदलायचंच ठरलं तर? दुकानात अस्सल आणि स्वस्त असे दोन रस्ते असतात. स्वस्त किट सगळी वाईट असतात असं मी म्हणणार नाही. ज्याच्या मशीनची किंमतच कमी आहे त्याला अस्सल किट घ्या म्हणणं हा उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार आहे. पण स्वस्त किट पिशवीतून काढून तसंच बसवू नये. पोर्टच्या कडा बोट फिरवून बघाव्यात. त्या धारदार राहिल्या असतील तर रिंग प्रत्येक फेऱ्याला तिथे अडखळते आणि एक दिवस मोडून पोर्टमध्ये शिरते. कडांना बारीक चॅम्फर द्यायला छोटी फाईल, धीर आणि अर्धा तास लागतो. (नंतर धुवून घ्या, नाहीतर फाईलचा चुरा धुळीचं काम करेल.) गजन पिनच्या सरक्लिप स्वस्त किटमधल्या भरवशाच्या नसतात, त्या चांगल्या घ्याव्यात आणि जुन्या परत वापरू नयेत. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून घालून, क्रँक फिरवून, चेपलेल्या तारेची जाडी मोजली की पिस्टन आणि सिलिंडरच्या डोक्यामधली फट कळते. ती साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी नको. आणि सगळं बसल्यावर कार्बोरेटर नव्याने ट्यून करायचा. जुन्या मेलेल्या इंजिनाचं सेटिंग नव्याला चालत नाही. हे शेवटचं काम सगळ्यात जास्त वेळा राहून जातं.

आता अपग्रेडबद्दल. मी अपग्रेडच्या विरोधात नाही. हस्कवर्नाचंच उदाहरण घ्यायचं तर जुना ३६५ आणि ३७२ यांचं खालचं धड जवळजवळ सारखं आहे. ३६५ चा बोअर ४८, म्हणजे ६५.१ सीसी, त्यावर ५० चा सिलिंडर-पिस्टन बसवला की ७०.७. बाजारात ५२ चंही किट मिळतं, त्याचे होतात ७६.५ च्या आसपास. ४८ वरून ५० म्हणजे साधारण साडेआठ टक्के वाढ, ५० वरून ५२ म्हणजे आठ टक्के. कागदावर छान. ज्याला दिवसाला झाडामागे पैसे मिळतात त्याला आठ टक्के खूप असतात, हेही मान्य. पण सीसी वाढले म्हणजे हवा वाढली, आणि फिल्टर तोच! म्हणजे तीच जाळी त्याच दिवसात जास्त धूळ खाणार, लवकर तुंबणार, आणि वर सांगितलेलं रिच-लीनचं चक्र जास्त वेगाने फिरणार. नीट चाललेल्या ३६५ ची ताकद तुंबलेल्या ५२ च्या किटपेक्षा जास्त भरेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

म्हणून माझं मत: पहिलं अपग्रेड फिल्टरचं. आणि फिल्टरचं अपग्रेड म्हणजे 'जास्त हवा' देणारी मोठ्या भोकांची जाळी नव्हे, जी विकणारे विकतात. उघडी नायलॉनची जाळी ओल्या लाकडाला आणि बर्फाला बरी, ती पटकन झटकता येते. कोरड्या, बारीक धुळीला फेल्टचा किंवा लव असलेला फिल्टर हवा. तो बारीक कण धरतो, पण लवकर भरतो, म्हणून वारंवार धुवावा लागतो. दोन्ही सुख एकत्र मिळत नाही. कंपन्यांनी यावर डोकं चालवलेलं आहे. हस्कवर्ना फ्लायव्हीलच्या वाऱ्यातून जड कण बाहेर फेकून मग उरलेली हवा फिल्टरला देते. साधं सेंट्रिफ्यूगल, आपल्या सिलॅबसमधलं. श्टीलच्या (दुकानात याला 'स्टील' म्हटल्याशिवाय कळत नाही) अनेक मॉडेल्समध्ये डायफ्रॅमची दुसरी बाजू बाहेरच्या हवेऐवजी फिल्टरच्या आतल्या बाजूला जोडलेली असते. त्यामुळे फिल्टर तुंबला तरी मिक्श्चर रिच होत नाही, फक्त ताकद कमी होते. एका छोट्या वाटेने सगळा घोटाळा मिटवला! मला विचाराल तर मोठ्या बोअरपेक्षा ही वाट जास्त हुशारीची आहे, पण तिच्यावर कुणी व्हिडिओ करत नाही.

आणि धुण्याचं म्हणाल तर कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश. पेट्रोलने लव सुटते. हवा मारायचीच तर लांबून, आतून बाहेर. फिल्टर काढण्याआधी चोक लावायचा, म्हणजे भुसा कार्बोरेटरमध्ये पडत नाही. पूर्ण वाळल्याशिवाय लावायचा नाही, म्हणून खिशात दुसरा वाळलेला फिल्टर असावा. एका किटच्या पैशांत असे कितीतरी फिल्टर येतात.

आता थोडं आपल्या घरचं. थर्ड इयरला आयसी इंजिन आपण शिकतो. स्कॅव्हेंजिंगचे तीन प्रकार आकृतीसह, आठ मार्क. व्हायवाला 'टू-स्ट्रोकचे तोटे सांगा' हा प्रश्न ठरलेला, उत्तरही ठरलेलं. पण माझ्या बॅचमधल्या किती जणांनी टू-स्ट्रोकचा झिजलेला पिस्टन हातात घेतलाय? लॅबमधलं कट-सेक्शन मॉडेल लाल-पिवळ्या ऑईल पेंटने इतकं सुंदर रंगवलंय की त्यात काही बिघडू शकतं असं वाटतच नाही. आणि गंमत म्हणजे आपल्या कॅम्पसच्या माळीकाकांकडे एक कटर आहे. दर पावसाळ्यात गुलमोहोर पडतो, दर पावसाळ्यात तो कटर बंद असतो आणि बाहेरून माणूस बोलवावा लागतो. यंत्र अभियांत्रिकी विभागापासून तो कटर ठेवलेली खोली मोजून दोन मिनिटांवर आहे.

बाहाच्या टीमला मी हे बोलले तेव्हा एक सिनिअर म्हणाले, 'अगं, ते मेंटेनन्सचं काम, इंजिनिअरिंगचं नाही.' मला हे वाक्य अजून टोचतं. बाहात इंजिनाला हात लावायला बंदी असते. दिलेलं इंजिन आहे तसंच वापरायचं. तरीही धुळीच्या ट्रॅकवर हीच मंडळी फिल्टरला स्पंज गुंडाळून जिवापाड जपतात. तिथे तो 'इनटेक सिस्टीम डिझाईन' होतो आणि कटरवाल्याने केला की मेंटेनन्स. झाडाच्या ताणलेल्या फांदीत अर्धा रुतलेला बार, आणि इंजिन बंद! त्या क्षणी खाली उभ्या असलेल्या माणसाला डिझाईन आणि मेंटेनन्समधला फरक समजावून सांगायला जाईल का कुणी?

सरांना आणि वर्कशॉपच्या स्टाफला म्हणून एक विनंती. नवीन उपकरण नको, बजेट नको. लॅबमधलं एक रिकामं कपाट द्या. त्यात आपण मेलेले पिस्टन ठेवू, रंग न लावता. प्रत्येकाखाली एक चिठ्ठी: कुठल्या मशीनचा, कुठे चालला, कसा गेला. टर्मवर्कमध्ये एक असाईनमेंट अशी असू दे की पिस्टन बघून कारण लिहा. उत्तर मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवता येणार नाही, हा त्यातला जास्तीचा फायदा. आणि माळीकाकांचा कटर एक शनिवार वर्कशॉपमध्ये आणू दे. काका तयार आहेत, मी विचारलंय. ते म्हणाले, 'पोरांनो, फक्त उघडलंत तर परत जोडा.'

सुरुवातीचे दोन पिस्टन माझ्याकडचे. सेमच्या सुट्टीत जे गावी जाताय, विशेषतः रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याकडचे (तुमच्याकडे मे २०२१ च्या तौक्तेनंतर कटरवाल्यांनी काय कमी कापलंय?), त्यांनी तिथल्या मेकॅनिककडे भंगाराच्या डब्यात बघा. कुणी पैसे मागणार नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून आणा, कुठल्या बाजूला एक्झॉस्ट होता ते पेनाने लिहून ठेवा, आणि रिंगा काढून टाकू नका. त्यांच्यावरही वाचण्यासारखं पुष्कळ असतं.